लिंबूटिंबूचा रिमोट

डबा ऐसपैस असो, विषामृत असो की साधी लपाछपी, आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात सगळ्यांत लहान पोराला लिंबूटिंबू करायची पद्धत होती. त्याने हवं तेवढं पळावं, लपावं, बोंबलावं. त्याच्यावर राज्य येत नाही. वरवर पाहता केवढी चैन! पण आपण आऊट झालो काय आणि नाही झालो काय, डावाला काडीचाही फरक पडत नाही हे एकदा कळलं की ती चैन नकोशी होते.

1994च्या मे महिन्यात मामाने मुंबईहून व्हिडिओ गेम आणला. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची चिनी नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानात आला 1983 साली, म्हणजे आमच्या वाड्यात पोचायला त्याला अकरा वर्षं लागली, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पिवळी कॅसेट, तिच्यावर हजारो गेम असल्याचा छापील दावा, आत तेच पंधरा-वीस गेम नावं बदलून. चालेनाशी झाली की बाहेर काढायची, तोंडाशी धरून फुंकर मारायची आणि परत खोचायची. अडॅप्टर इतका तापायचा की आजी म्हणायची, "अरे, त्याला जरा वारा घाला."

रिमोट दोन. (कंट्रोलर म्हणतात हे फार पुढे कळलं, तोवर जीभ वळली होती.) एक दादाकडे, एक माझ्याकडे. "तो मागून पळतोय ना, तो तू," असं दादा सांगायचा आणि मी जिवाच्या आकांताने बटणं दाबायचो. तो बराच वेळ जिवंत राहायचा, त्यामुळे मी स्वतःवर खूश होतो. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शोकेसमागे गोटी गेली म्हणून हात घातला, तर माझ्या रिमोटची पिन सुटीच हाताला लागली. धूळ बसलेली. महिनाभर मी गेमच्या डब्याला न जोडलेला रिमोट दाबत होतो.

दादाला मी ते आजही ऐकवतो. पण त्याच्या बाजूने एक सांगायला हवं. मला लिंबूटिंबू केलं होतं दादाने. डब्याचा त्यात काही हात नव्हता. आमच्या बोळात आणखी तीन घरी तसले डबे होते आणि चारही घरी मारिओ सारखीच उंच उडी मारायचा. ज्यांचा टीव्ही रंगीत त्यांना आभाळ निळं दिसायचं, आम्हाला करडं, एवढाच काय तो भेद.

हे सगळं मला पुन्हा आठवायला कारण झाला माझा भाचा. 2020च्या टाळेबंदीत तो चिंचवडला, मी कोथरूडला, आणि रोज रात्री जेवणं उरकली की आम्ही ऑनलाइन एकत्र खेळायचो. त्याच्याकडे माझा जुना पीएस-फोर (सोनीचा प्लेस्टेशन-फोर हा गेमचा डबा), माझ्याकडे त्याचीच ताकदवान आवृत्ती, पीएस-फोर प्रो. गेम तोच, डिस्कही तीच. तरी दर डावाला मी, माझे ऑफिसातले दोन मित्र, सगळे मैदानात उतरून तयार, आणि भाच्याच्या पडद्यावर अजून लोडिंगचं चक्र गरगरतंय. "थांबा रे, यांचा भाचा यायचाय." तो आला की पाच-सात मिनिटांत धुमश्चक्रीच्या नेमक्या जागी त्याचं चित्र अडखळायचं. एकदा त्याने फार शांत आवाजात विचारलं, "मामा, तुझ्याकडे पण असंच अडकतं का?"

मी म्हटलं, "कधीकधी."

खोटं होतं. माझ्याकडे अडकत नव्हतं. यातलं अर्धं पाप माझ्या प्रोमध्ये मी पदरचे पैसे घालून टाकलेल्या एसएसडीचं (जास्त वेगवान साठवणीचं) होतं, पण उरलेलं अर्धं त्या दोन डब्यांमधल्या फरकाचं होतं.

गेमिंगमध्ये ज्याला पिढी म्हणतात ती पूर्वी शाळेतल्या इयत्तेसारखी असायची. पाच-सहा-सात वर्षांनी नवा डबा यायचा, सगळा वर्ग एकदम वर चढायचा. पहिला प्लेस्टेशन जपानात 1994च्या डिसेंबरात, दुसरा मार्च 2000, तिसरा नोव्हेंबर 2006, चौथा नोव्हेंबर 2013. मधल्या काळात डबा बारीक व्हायचा, स्वस्त व्हायचा, पण आतून तोच. पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून घेतलेला पीएस-टू आणि सहा वर्षांनी कुणाचा तरी वापरलेला घेतलेला पीएस-टू एकच गेम एकसारखाच चालवायचे.

या व्यवस्थेत सगळ्यांत सुखी होता तो थांबणारा माणूस. अमेरिकेत पीएस-टू निघाला तेव्हा 299 डॉलरला होता. 2009 मध्ये त्याची किंमत 99 डॉलरवर आली. तोवर पीएस-थ्री येऊन तीन वर्षं होत आली होती, तरी पीएस-टूचं उत्पादन 2013 उजाडेपर्यंत चालूच होतं. एकूण सोळा कोटींच्या आसपास विकले गेले, आणि त्यातले कितीतरी माझ्यासारख्यांनी उशिरा घेतले. मी 2007 साली, पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या पगारातून. घासाघीस करून, बिल न मागता. (गेमच्या डिस्क कुठून यायच्या ते विचारू नये.) उशीर झाला म्हणून माझ्या पदरात काही कमी पडलं नाही. उलट त्याच वर्षी त्यावर 'गॉड ऑफ वॉर टू' आला, सात वर्षांच्या म्हाताऱ्या डब्याकडून असं काम करून घेता येतं यावर विश्वास बसू नये असा.

हे कसं जमायचं? हात बसायचा म्हणून. नव्या तव्यावर पहिल्या दिवशी घावन चिकटतं. तवा तोच, पण महिन्याभरात बाईला त्याची गरम जागा आणि थंड जागा कळते. पीएस-थ्रीचा सेल प्रोसेसर तर कुप्रसिद्ध होता. एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली छोटे-छोटे मदतनीस, प्रत्येकाला काम नेमून द्यायचं, ते वेळेवर पोचवायचं, परत गोळा करायचं. सुरुवातीची वर्षं भले भले प्रोग्रामर कातावले होते. मेमरी किती? 256 एमबी मुख्य आणि 256 चित्रासाठी. आज साध्या फोनला यापेक्षा कितीतरी जास्त असते. आणि त्याच डब्यावर जून 2013 मध्ये, म्हणजे पीएस-फोर यायच्या पाच महिने आधी, 'द लास्ट ऑफ अस' आला. सात वर्षांत यंत्र तसूभर बदललं नव्हतं, यंत्रावर काम करणारे बदलले होते. मला ही गोष्ट आजही आवडते. माझ्या स्वतःच्या कामात, सॉफ्टवेअरमध्ये, हल्ली काही चालत नसलं की पहिली सूचना येते ती मोठा सर्व्हर घेऊ या अशी.

मग 2016. नोव्हेंबरात पीएस-फोर प्रो आला, पीएस-फोर येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. पाठोपाठ 2017च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन एक्स. इयत्ता तीच, पण तिच्यात आता अ तुकडी निघाली.

कारणं होती, आणि ती सगळीच लबाडीची नव्हती. फोर-के टीव्ही घरोघरी यायला लागले होते आणि पीएस-फोरच्या अंगात तेवढे ठिपके रंगवायची ताकद नव्हती. साध्या फुल एचडी चित्रात वीस लाखांवर ठिपके, फोर-केमध्ये त्याच्या चौपट. दुसरं कारण सोनीच्या प्लेस्टेशन विभागाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, अँड्र्यू हाउस यांनी, उघडच सांगितलं होतं: पिढी अर्ध्यावर आली की चांगल्या चित्राचे शौकीन पीसीकडे वळतात. त्यांना घरातच थोपवायचं तर मधेच काहीतरी द्यायला हवं.

प्रोची चित्र काढायची ताकद 1.84 टेराफ्लॉपवरून (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) 4.2 वर गेली, दुपटीहून जास्त. पण प्रोसेसर जुनाच ठेवला, नुसता 1.6 गिगाहर्ट्झचा 2.1 केला, म्हणजे जो गेम सेकंदाला 30 चित्रं दाखवायचा तो बहुतेक वेळा 30च दाखवत राहिला. आणि खरं फोर-केसुद्धा बऱ्याचदा नसायचंच. बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरं रंगवायची, उरलेली आजूबाजूवरून आणि मागच्या चित्रावरून भरून काढायची. आमच्या आत्याची ठिपक्यांची रांगोळी लांबून भरगच्च दिसायची, जवळ गेलं की कळायचं मधल्या जागा नुसत्याच बोट फिरवून भरल्यात. तसंच. युक्ती मात्र झकास होती, हे कबूल.

सोनीने नियम घातला होता: फक्त प्रोवर चालेल असा गेम काढायचा नाही, आणि ऑनलाइन सगळ्यांनी एकत्रच खेळायचं. ऐकायला किती समंजस! लिंबूटिंबूलाही खेळात घ्यायचंच असतं की.

आणि मी? मी 2017 साली प्रो घेतला. पीएस-फोर घेऊन तीन वर्षंही झाली नव्हती, उत्तम चालत होता. दुकानात मोठ्या टीव्हीवर पाहिला, भाळलो, बोनसचे पैसे खिशात होते. घरी आणून जोडला. दहा मिनिटं पाहिलं. वीस मिनिटं पाहिलं. आई म्हणाली, "नवीन आणलास तो कुठला?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आमचा टीव्ही 32 इंची आणि फुल एचडी. प्रो आतमध्ये जास्तीचे ठिपके रंगवत होता आणि टीव्हीच्या दारात ते चुरगाळून साध्या चित्रात बसवत होता. कडा थोड्या गुळगुळीत, बाकी जैसे थे. पुढे दीड वर्षाने मी फोर-के टीव्ही घेतला, म्हणजे प्रोची खरी किंमत मला दोन हप्त्यांत मोजावी लागली. जुना पीएस-फोर भाच्याला दिला. त्या दिवशी मी फार उदार मामा ठरलो होतो.

मधेच काहीतरी जोडून विकायचा उद्योग काही नवा नाही म्हणा. सेगा या जपानी कंपनीने 1994 मध्ये आपल्या मेगा ड्राइव्ह या डब्याच्या डोक्यावर बसवायचा 32-एक्स नावाचा ठोकळा काढला. तो पडला, आणि सेगावरच्या लोकांच्या विश्वासालाही तडा गेला. निन्टेन्डो 64 या डब्याला 1998 मध्ये मेमरी वाढवायची छोटी डबी मिळायची, चारची आठ एमबी. 'मजोराज मास्क' हा गेम तिच्याशिवाय सुरूच व्हायचा नाही. पण ती डबी होती. पोराला वर्गात वरचा बाक हवा म्हणून बाप नवं पोरगं आणत नव्हता.

पुढे फरक नुसत्या चित्राच्या कडांचा राहिला नाही. 'सायबरपंक 2077' डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा साध्या पीएस-फोरवर त्याची इतकी दैना होती की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. सहा महिन्यांनी, जून 2021 मध्ये, परत ठेवला. सोबत सूचना की पीएस-फोर प्रो किंवा पीएस-फाइव्हवर खेळलात तर बरं. ज्याने 2014 मध्ये पैसे मोजून डबा घेतला त्याला सात वर्षांनी दुकानाच्या दारावरच सांगायचं की तू ये, पण तुझ्या जबाबदारीवर.

एक्सबॉक्सने तर पुढच्या पिढीत पहिल्या दिवसापासूनच दोन तुकड्या केल्या, सिरीज एक्स आणि सिरीज एस. एकाची ताकद 12 टेराफ्लॉप, दुसऱ्याची 4. 'बाल्डर्स गेट थ्री' एक्सबॉक्सवर यायला 2023चा डिसेंबर उजाडला, कारण सिरीज एसवर दोघांनी एकाच पडद्यावर खेळायची सोय काही केल्या बसेना. शेवटी ती सोय त्या डब्यापुरती वगळून गेम काढला. नेमकी तीच. स्वस्तातला डबा ज्या घरी जातो, त्याच घरी एक टीव्ही आणि दोन पोरं असण्याची शक्यता जास्त, असं आपलं मला वाटतं.

बाबांना मी हे एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते चेतकवाले. आकुर्डीच्या कारखान्यातून येणाऱ्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेल्या पिढीतले. मिळालेली स्कूटर त्यांनी तेवीस वर्षं चालवली, आणि दर रविवारी तिला तिरकी करून, प्लग घासून. "आमच्या वेळी वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग जायची, नंबर लावायला नको म्हणून," ते म्हणाले. मी म्हटलं, 2021 मध्ये पीएस-फाइव्हचं तेच झालं होतं. त्यावर ते एकदम खूश झाले, जणू त्यांच्या काळाचा कुणीतरी मान राखला.

पण त्यांचं थांबणं आणि माझं थांबणं यांत आता अंतर पडलंय. पीएस-फाइव्ह भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आला तो डिस्कवाला 49,990 रुपयांना. पुढच्याच वर्षाअखेरीस तो 54,990 झाला. अमेरिकेतही 2025च्या ऑगस्टमध्ये किंमत वाढली, डबा पाच वर्षांचा होत आलेला असताना. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी चिप आकसायची, तिच्याबरोबर खर्च आकसायचा, आणि ती बचत उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत पोचायची. आता चिप आकसते पण स्वस्त होत नाही. दर कमी करता येत नाही, मग त्याच पिढीत वरचा दर्जा काढायचा. थांबून काटकसर करणाऱ्या माणसाचा हा पराभव मला जास्त लागतो. पेठेत वाढलेला माणूस सेलची वाट पाहण्यात आनंद मानतो हो.

पीएस-फाइव्ह प्रो 2024च्या नोव्हेंबरात निघाला, 700 डॉलरला, तोही डिस्क ड्राइव्हशिवाय; ती हवी तर वेगळी घ्या. भारताचं नाव यादीत नव्हतं. त्यातलं नवं वायफाय ज्या सहा गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं, त्या आपल्याकडे तेव्हा खुल्या झालेल्या नव्हत्या. मी बातमी वाचली आणि लाज वाटावी इतकं हलकं वाटलं. परीक्षाच रद्द झाली की जसं वाटतं तसं.

आता दुसरी बाजू न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. पिढ्या स्वच्छ तुटायच्या तेव्हा मागचं सगळं मागेच राहायचं. माझ्या पीएस-थ्रीच्या अकरा डिस्क पीएस-फोरमध्ये चालल्या नाहीत, एकही नाही. त्या आजही कपाटात आहेत, वरच्या फळीवर, दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी खाली उतरतात आणि परत वर जातात. पीएस-फोरपासून आतलं यंत्र पीसीच्या घराण्यातलं झालं, म्हणून अर्ध्यात प्रो काढणं जमलं. आणि त्याच कारणाने पीएस-फोरचे जवळपास सगळे गेम पीएस-फाइव्हवर चालतात. एक हवं आणि दुसरं नको, असं मला म्हणायचंय खरं, पण ते एकाच वेलीला लागलेले दोन भोपळे आहेत.

गेल्या महिन्यात भाच्याने जुना पीएस-फोर परत आणून दिला. तो आता इंजिनिअरिंगला, होस्टेलवर लॅपटॉप पुरतो. डबा सुरू केला की पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिराकडे आम्ही दोघं घेऊन गेलो. काकांनी स्क्रू काढले, वरचं झाकण सरकवलं आणि काही न बोलता ब्रशने आतून एक करडी लोकरीची चादर उचलली. अखंड, पंख्याच्या पात्यांचा ठसा असलेली. भाच्याच्या शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट तीन वर्षं चाललं होतं, ती सगळी इमारत इथे येऊन बसली होती. चिपवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. काकांनी ती स्पिरिटने पुसली, नवीन लावली, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि नखाने सारखी केली.

"याने अडकायचं का हो चित्र?" भाच्याने विचारलं.

"तापलं की यंत्र स्वतःला आवरतं, बाळा. थोडं याने, थोडं वयाने."

थोडं प्रोने, असं मी मनात म्हटलं. म्हणजे गेली पाच वर्षं मी ज्या दोन डब्यांमधल्या दरीवर एवढं तत्त्वज्ञान रचलं, त्यातली काही बोटं दरी नुसत्या धुळीची होती.

घरी आणून आम्ही तो आईच्या खोलीतल्या 32 इंचीला जोडला. पंख्याचा आवाजच येईना, इतका की चालू झालाय की नाही ते डब्याला हात लावून पाहिलं. अपडेटने तासभर घेतला. आई दोनदा डोकावून गेली. मग मोटारींचा एक जुना गेम लावून भाचा बसला, आणि अर्थातच माझी चार वर्षांची लेक तिथे येऊन उभी राहिली. मला पण.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉवरमधला जुना, बॅटरी उतरलेला रिमोट काढून तिच्या हातात दिला. "ती लाल गाडी तुझी," भाचा तिला म्हणाला. कुठून शिकतात देव जाणे. ती पलंगाला टेकून बसली, जीभ बाहेर काढून बटणं दाबू लागली. लाल गाडी छान पळत होती. दोन वळणं गेली, तिसरं गेलं. मग तिने रिमोट उलटा करून पाहिला, भाच्याच्या रिमोटकडे पाहिलं, परत आपल्याकडे.

"बाबा, दादाच्या रिमोटला निळा दिवा आहे," ती म्हणाली. "माझा का नाही लागत?"

भाचा खेळायचा थांबला. मी टीव्हीमागे हात घालून चार्जिंगची वायर शोधू लागलो.